लहान पेटी, मोठा दावा

लाउडस्पीकर विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थाला तीन गोष्टी एकाच वेळीं हव्या असतात. पेटी फळीवर मावेल इतकी लहान असावी. थोड्याशा विद्युच्छक्तीनें खोली दुमदुमून जावी. आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यापासून झांजेच्या किणकिणाटापर्यंत सर्व स्वर जसेच्या तसे उमटावे. ही इच्छा गैर नाहीं. विक्रेताहि मोठ्या उत्साहानें सांगतो कीं, हीं तिन्ही सुखें या एकाच पेटींत भरलेलीं आहेत. परंतु या आश्वासनांतील किती भाग निसर्गनियमांस मान्य होईल, हें पाहिल्यावांचून त्या गृहस्थानें खिशांत हात घालूं नये.

मुळाशीं गोष्ट सोपी आहे. लाउडस्पीकरचा पडदा पुढेंमागें हलतो व हवेला ढकलतो. उंच स्वरांत हें ढकलणें सेकंदाला हजारों वेळां घडतें, म्हणून अल्पशी हालचाल पुरते. खर्जांत तें चाळीसपन्नास वेळांच घडतें, म्हणून प्रत्येक खेपेस पुष्कळ हवा हलवावी लागते. स्वर एका सप्तकानें खालीं उतरला व त्याचा जोर तितकाच राखावयाचा असला, तर चौपट हवा हलली पाहिजे. लहान पडद्याला हें ओझें पेलण्यासाठीं लांब हेलकावे घ्यावे लागतात, आणि मर्यादा ओलांडली कीं स्वर फाटतो. शिवाय पेटी लहान असली म्हणजे तींत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी पडद्याला अडविते.

ही अडचण शंभर वर्षांची आहे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिकच्या राइस व केलॉग या संशोधकांनीं 1925 सालीं हलत्या वेटोळ्याच्या लाउडस्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें; आजचे बहुतेक लाउडस्पीकर त्याच वंशांतले. त्या काळचे ध्वनिवर्धक थोड्याच वॅटांचे असल्यामुळें चित्रपटगृहांत प्रचंड कर्णे लावून त्या अल्प शक्तीचें चीज करावें लागे. पॉल क्लिप्श यांनीं 1946 च्या सुमारास विक्रीस आणलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यांत ठेवला जाई आणि भिंतींनाच कर्ण्याचा विस्तार बनवी. युक्ति अजोड खरी, तरी पेटी कपाटाएवढीच राहिली. 1954 सालीं एडगर विल्चर यांनीं दुसरी वाट काढली. बंद पेटींतील हवेलाच त्यांनीं पडद्याची स्प्रिंग केलें आणि लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. त्याची किंमत मात्र कार्यक्षमतेच्या रूपानें मोजावी लागली. त्या पेटीला जोरकस ध्वनिवर्धक लागे.

हा सौदा नियमाच्या रूपानें मांडण्याचें श्रेय जोसेफ अँटन हॉफमन यांना दिलें जातें. सुप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे हे पुत्र, आणि 1957 सालीं स्थापन झालेल्या के. एल. एच. या संस्थेच्या नांवांतील ‘एच’ तो यांचाच. त्यांच्या नियमाचा इत्यर्थ असा कीं, लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता या तिहींपैकीं कोणत्याहि दोन घ्याव्या. तिसरीवर पाणी सोडावें. पुढें ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं 1961 सालीं आणि रिचर्ड स्मॉल यांनीं 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत या विषयाला पक्कें गणित दिलें. त्या गणितानुसार कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या प्रमाणांत वाढते, आणि खर्जाची खालची सीमा जसजशी उतरते तसतशी ती त्या सीमेच्या घनाच्या प्रमाणांत घटते. म्हणजे सीमा 80 कंपनांवरून 40 वर आणून कार्यक्षमता तीच ठेवावयाची, तर पेटी आठपट मोठी हवी.

हें गणित बाजारांतील दाव्याला लावून पाहावें. पेटी 10 लिटरची, चारी बाजूंनीं बंद. खर्जाची सीमा सेकंदाला 40 कंपनें. अशा पेटीची उत्तमांत उत्तम कार्यक्षमता सुमारें 0.13 टक्के भरते. म्हणजे एका वॅटला एका मीटरवर सुमारें 83 डेसिबेल. जाहिरातींत तेथें 95 डेसिबेल छापलेले असले, तर त्यासाठीं पेटी दीडशें लिटरांहून मोठी हवी, नाहीं तर सोळापट वॅट हवे. पेटीला हवेचें छिद्र ठेवल्यास लाभ फार तर दुपटीच्या आसपास होतो. सोळापटींची उणीव दुपटीनें भरून निघत नाहीं.

मग हे आंकडे छापले कसे जातात? पुष्कळदां आंकडा खोटा नसतो. त्याच्या मागील अट तेवढी गाळलेली असते. ‘20 ते 20,000 कंपनें’ असें लिहितांना दोन्ही टोकांना आवाज किती डेसिबेलनीं खालावतो, हें सांगितलें जात नाहीं. चार ओहमच्या लाउडस्पीकरला 2.83 व्होल्ट दिले तर दोन वॅट जातात; त्या मापाला एका वॅटचें म्हटलें कीं तीन डेसिबेल फुकट पदरांत पडतात. एकाच पडद्याकडून सर्व स्वर काढूं पाहणाऱ्या लाउडस्पीकरांत मधल्या वा उंच स्वरांचा एखादा उंचवटा असतो. तेथलें माप घेतलें कीं सारा लाउडस्पीकरच जोरकस ठरतो. शिवाय 20 सेंटिमीटरच्या पडद्यांतून सुमारें 1,700 कंपनांच्या वरचे स्वर झोतासारखे समोरच जाऊं लागतात. बाजूस बसलेल्याच्या वाट्याला ते कमी येतात.

कानहि या फसवणुकींत सामील होतो. जुन्या टेलिफोनमधून सुमारें 300 कंपनांखालील स्वर जातच नसत. तरी पुरुषाचा भरदार आवाज भरदारच वाटे. कारण मूळ स्वर नसला तरी त्याच्या वरच्या स्वरांवरून मन तो जुळवून घेतें. लहान पेटींतला डग्गा बऱ्याच अंशीं असाच मनानें रचलेला असतो.

याचा अर्थ लहान पेटी टाकाऊ असा नव्हे. आतां वॅट स्वस्त झाले आहेत. कार्यक्षमता सोडून लहान पेटींतून बराच खर्ज काढणें हा प्रामाणिक सौदा आहे. बातम्या वा भाषण ऐकावयाचें असल्यास खोल खर्जाची गरजच नाहीं. आक्षेप आहे तो सौदा लपविण्याला. येथें पैशाहूनहि मोलाची वस्तु पणाला लागते, ती म्हणजे कानाचें वळण. ज्या मुलानें डग्गा केवळ फुगविलेल्या ठोक्याच्या रूपानें ऐकला, त्याला मैफलींतला खरा डग्गा उणा वाटूं लागला, तर ती हानि कोणत्या पावतीवर लिहावयाची?

म्हणून ग्राहकानें परिचित गायनाचें एक ध्वनिमुद्रण बरोबर न्यावें. दोन पेट्यांची तुलना आवाज सारखा ठेवून करावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमींच सरस भासतो. बाजूला उभें राहून ऐकावें. आवाज वाढवीत जावें, आणि डग्गा त्याबरोबर वाढतो कीं मागें राहतो हें पाहावें; कित्येक आधुनिक पेट्या पडदा वांचविण्यासाठीं मोठ्या आवाजाला खर्ज आपोआप कमी करितात. शेवटीं विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘तिहींपैकीं यांत काय सोडलें आहे?’ जो सरळ उत्तर देईल, त्याचा माल निर्धास्त ऐकून पाहावा. ‘कांहींच सोडलेलें नाहीं’ असें जो म्हणेल, त्याच्या दुकानांतून गृहस्थानें नमस्कार करून बाहेर पडावें.