दारातली रांगोळी पडद्यावर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, लोणच्यांवर बोलू का?" त्या म्हणाल्या, "लोणच्यांवर सगळ्याच बोलतील. तुम्ही ती स्वतःची वेबसाइट केलीत ना, तिच्यावर बोला." म्हणून हे धाडस. माझे शिक्षण सातवी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे माझ्याजवळ इंग्रजीची पुंजी तीन वर्षांची. चुकले तर पदरात घ्या.

हे खूळ डोक्यात शिरले ते सासूबाईंच्या वहीपायी. चाळीस वर्षे त्यांनी आमच्या दारात रांगोळी घातली आणि घातलेली रांगोळी रात्री पेन्सिलीने वहीत उतरवली. शेजारी ठिपक्यांचा हिशेब, "१५ ते ८", "९ ते ५" असा. आता पेन्सिल पुसट झाली आहे, आणि सासूबाईंची नजरही. मी फोनवर वहीची छायाचित्रे काढून एका ठिकाणी चढवीत होते. साठेक झाली असतील. एके दिवशी ते खातेच बंद झाले. का, ते कोणी सांगेना. अर्ज केले, उत्तर नाही. वही घरात होती म्हणून वाचले. त्या दिवशी ठरवले, दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड नको. आपले घर हवे, मग ते एका खोलीचे का असेना.

मुलीचा जुना लॅपटॉप मिळाला. तिने पहिल्या दिवशी एकच गोष्ट दाखवली. कोणतेही पान उघडायचे आणि कंट्रोल दाबून यू दाबायचा, की त्या पानाची उलटी बाजू दिसते! बायांनो, भरतकाम पाहताना आपण काय करतो? कापड उलटतो. गाठी कुठे मारल्या, दोरा कसा नेला, ते तिथे कळते. मीही तशीच शिकले, दुसऱ्यांची पाने उलटून.

ही विद्या स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभी केली. पहिली वेबसाइट १९९१ साली तिथेच झाली, आणि १९९३ साली संस्थेने ती विद्या कोणालाही फुकट वापरू दिली. तसे नसते तर माझ्यासारखीला कोण विचारतो!

तिचे दोन भाग आहेत. पानावर काय आहे ते एचटीएमएलमध्ये लिहायचे: हे शीर्षक, हा मजकूर, हे चित्र. ते दिसावे कसे, हे सीएसएसमध्ये. हा दुसरा भाग सुचवला नॉर्वेच्या होकॉन व्यूम ली यांनी, १९९४ साली. बाई तीच, लुगडे बदलायचे, असा तो प्रकार. मजकुराला हात न लावता सगळ्या वेबसाइटचे रूप पालटता येते.

माझी पहिली फजिती ऐका. रंगाचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत पाठ केलेले, त्यात 'यू' येतो. सीएसएसला अमेरिकेचे स्पेलिंग लागते, त्यात 'यू' नाही. चूक झाली तर ते ओरडतही नाही, गुपचूप ती ओळ सोडून देते. दोन दिवस माझी अक्षरे काळीच्या काळी! हे म्हणाले, "आता पुरे." मी म्हटले, "तुमची आमटी खारट झाली का? नाही ना? मग बसू द्या मला."

मग रंग उमटले आणि माझ्या अंगात वारे शिरले. पाठीमागे मोरपंखी रंग, त्यावर गुलाबी अक्षरे, कोपऱ्यात लुकलुकणारी पणती. शीर्षक ऐटबाज दिसावे म्हणून अक्षरांत अंतर घातले, तर शिरोरेघ तुटून दात पडल्यासारखे दिसू लागले. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, त्यांना ते शोभते. आपली एका रेघेला टांगलेली. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकले. त्यांना अक्षराच्या पावणेदोनपट जागा दिली, तेव्हा श्वास घेता आला.

हौसेने सासूबाईंना दाखवले. त्यांनी लॅपटॉप नाकाशी नेला, दूर धरला आणि म्हणाल्या, "रंग छान आहेत गं. पण ठिपके किती, ते काही मला वाचता येत नाही."

त्यांचीच वही, आणि त्यांनाच वाचता येत नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलीने सांगितले, अक्षर आणि पाठीमागचा रंग यांतला फरक मोजता येतो. बारीक अक्षरांना तो निदान साडेचारपट असावा असा दंडक आहे. माझ्या गुलाबी-मोरपंखीचा सव्वादोनपट निघाला. सकाळी मी दारात गेले. सासूबाई इतकी वर्षे रांगोळी कशावर घालतात? गेरूवर, पांढरी. तिथेच उत्तर होते. पडद्यावर प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा यांच्या मापांनी करतात, प्रत्येकाचे माप शून्य ते २५५. लाल १२२, हिरवा ५८, निळा ४० घेतला आणि आमचा उंबरठा पडद्यावर आला. त्यावर पांढरे, म्हणजे साडेआठपट!

रंगांना सीएसएसमध्ये आपण नावे देऊ शकतो, आधी दोन आडव्या रेघा देऊन. आणि गंमत म्हणजे ती नावे मराठीतही चालतात. मी 'गेरू', 'रांगोळी', 'हळद' अशी ठेवली. गेरू जरा गडद हवा तर एकाच जागी बदलते, सगळी पाने बदलतात. पणती काढून टाकली. पानाच्या माथ्यावर 'भाषा मराठी' अशी खूणही घातली. ज्या टंकात सोय असते त्यात 'ल' आणि 'श' मग आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नव्हे.

रांगोळ्यांची छायाचित्रे आता ठेवीत नाही. एसव्हीजी नावाच्या रीतीने प्रत्येक ठिपका आकड्यांनी मांडते: इतके आडवे, इतके उभे. चित्र कितीही मोठे केले तरी फुटत नाही. मात्र १५ ते ८ च्या एका रांगोळीत १६९ ठिपके, म्हणजे ३३८ आकडे, आणि रेघा निराळ्या. दुपारच्या वेळात आठवड्याला एक होते. आतापर्यंत एकवीस झाल्या. सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर, कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असतात.

आपल्यापैकी कोणाकडे आईची, आजीची अशी वही असेल तर घेऊन या. वही माझ्याकडे ठेवावी लागणार नाही. समोर बसून ठिपके सांगा, मी मांडीन.

काल सासूबाईंनी अक्षरे मोठी करून एकविसावी रांगोळी पाहिली. चष्म्याशिवाय ठिपके मोजले, बोटाने, ओळीओळीने. मग म्हणाल्या, "चौथ्या ओळीत एक कमी घातलास." मी मोजले. खरेच, दहाच होते, अकरा हवेत. ते आज घरी गेल्यावर दुरुस्त करायचे आहे, म्हणून आपली रजा घेते.