बिस्मथ: स्फटिकात आणि पातळ थरात
(स्वागताध्यक्षीय भाषण)

शिसे 7.2 केल्व्हिनखाली विजेचा रोध पूर्णपणे टाकून देते, म्हणजे अतिसंवाहक होते. आवर्तसारणीत त्याला लागून बसलेले बिस्मथ मात्र कित्येक दशके दाद देत नव्हते. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या कोड्याचे उत्तर दिले: शुद्ध बिस्मथचा स्फटिक 0.00053 केल्व्हिनला अतिसंवाहक होतो. ही अवस्था मोडायला सुमारे 5 मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पुरते. कोकणात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रच त्याच्या आठपट असल्याने नमुना त्यापासून झाकूनच मोजमाप करावे लागते.

कुलाब्यातील ती प्रयोगशाळा आणि ही परिषद भरली आहे ते बालदिगंबर गणेशाचे कडाव यांच्यात अंतर कर्जत लोकलचे आणि पुढच्या थोड्या रस्त्याचे. या परिषदेला आलेल्या अभ्यासकांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

बिस्मथच्या या शोधाचे मोल तापमानाच्या विक्रमात नाही. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. अतिसंवाहकतेचा 1957 चा बार्डीन–कूपर–श्रीफर सिद्धांत असे गृहीत धरतो की, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांच्या ऊर्जेपेक्षा फार मोठी असते. येथे ती जवळपास बरोबरीची आहे, त्यामुळे नेहमीचे गणित लागू पडत नाही. 2018 मध्ये बिस्मथ उच्चक्रमी टोपॉलॉजिकल पदार्थ असल्याचेही दिसून आले: त्याच्या स्फटिकाच्या कडांवरून वीज वाहण्याच्या खास वाटा असतात.

पातळ थरात चित्र पालटते. अतिथंड काचेवर बिस्मथची वाफ गोठवली, तर अणूंना रांगेत बसायला उसंत मिळत नाही. असा विस्कळीत थर सुमारे 6 केल्व्हिनला, म्हणजे स्फटिकाच्या दहा हजार पटींहून अधिक तापमानाला, अतिसंवाहक होतो. बुकेल आणि हिल्श यांनी हे 1954 मध्येच दाखवले होते. थर तापून स्फटिकरूप झाला की तो गुण जातो. तेव्हा थर म्हणजे ठोकळ्याचा पातळ काप, ही समजूत येथे टिकत नाही.

म्हणून बिस्मथच्या थरात शून्य रोध दिसला की लगेच ‘टोपॉलॉजिकल अतिसंवाहक’ हे नाव देण्याची घाई नको. बिस्मथ आणि निकेलचे जोडथर सुमारे 4 केल्व्हिनला अतिसंवाहक होतात. ही दोन धातूंच्या सीमेवरची नवलाई, असे काहींचे म्हणणे. पण दोन्ही मिसळून सीमेवर तयार होणारे, तीन भाग बिस्मथ आणि एक भाग निकेल असलेले संयुग स्वतःच त्याच तापमानाच्या आसपास अतिसंवाहक असते. क्ष-किरणांनी सीमा तपासून ते संयुग तेथे नाही हे दाखवल्यावरच पुढचा दावा ऐकण्याजोगा ठरतो.