'लेफ्ट' म्हणजे डावा की बाकी?

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दर रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दुसरी-तिसरीच्या मुलांना गणित शिकवतो. आज मला वजाबाकीबद्दल, खरं तर वजाबाकीच्या इंग्रजी शब्दांबद्दल बोलायचं आहे.

यातली बरीच मुलं सेमी-इंग्रजीत शिकतात. घरी दखनी किंवा उर्दू, गल्लीत मराठी आणि गणिताचं पुस्तक इंग्रजीत. त्यांच्यातल्या अनेकांना एक शेरा चिकटलेला असतो : 'गणितात कच्चा'. मुलगी असेल तर त्याच्यापुढे आणखी एक वाक्य येतं, 'पुढे हिला सायन्स झेपणार नाही.' हे आठ वर्षांच्या पोरीबद्दल ठरून जातं.

पण तीच पोरगी पन्नासची नोट घेऊन दुकानात जाते, बत्तीस रुपयांचं सामान आणते आणि अठरा रुपये मोजून परत घेते. म्हणजे वजाबाकी तिला येते. अडतं कुठे, तर प्रश्नाच्या भाषेत.

१९८३ साली टॉम हडसन या संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने लहान मुलांना पक्षी आणि अळ्यांचं चित्र दाखवून विचारलं, 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' पहिलीतल्या ६४ टक्के मुलांना उत्तर आलं, बालवर्गातल्या फक्त २५ टक्के मुलांना. मग त्याच चित्रावर प्रश्न बदलला : 'प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' आता पहिलीतल्या सगळ्या आणि बालवर्गातल्या ९६ टक्के मुलांनी बरोबर सांगितलं. आकडे तेच, मुलं तीच. बदलले ते फक्त शब्द. आणि ही मुलं इंग्रजी बोलणारी होती. मग आपल्या मुलांचं काय होत असेल?

आता आपल्या मुलांसमोरचे शब्द बघा. 'लेफ्ट' म्हणजे डावा हे ती आधी शिकतात. गणितात तोच शब्द 'उरले' होऊन येतो. 'डिफरन्स' म्हणजे फरक. नऊ लाल बोरं आणि पाच हिरवी बोरं यांच्यात डिफरन्स काय, असं विचारलं तर मूल म्हणतं, 'एक लाल, एक हिरवं.' त्याचं चुकलं कुठे?

त्याहून अवघड आहे शब्दांचा क्रम. मराठीत आपण म्हणतो, '९ मधून ५ वजा करा.' नऊ आधी, पाच नंतर. वहीतही तसंच लिहितो. इंग्रजीत तेच 'सबट्रॅक्ट ५ फ्रॉम ९' होतं. पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५ − ९ लिहितं. 'फ्रॉम' या एका छोट्या शब्दावर सगळं उलटतं आणि तो शब्द कुणी वेगळा शिकवत नाही.

तिसरी अडचण तुलनेची. 'सना हॅज ४ मोअर दॅन अयान.' मूल 'सना हॅज ४' एवढंच पकडतं आणि सनाकडे चार आहेत असं समजतं. मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे लगेच ओळखू येतं : किंमत सांगणं वेगळं आणि दोन किमतींमधलं नातं सांगणं वेगळं.

यावर शिकवणी वर्गांत एक झटपट उपाय चालतो. 'लेफ्ट' दिसलं की वजा, 'मोअर' दिसलं की बेरीज. हा नियम चार उदाहरणांत चालतो आणि पाचव्यात फसतो. 'सनाने ५ बोरं खाल्ली, ४ लेफ्ट. आधी किती होती?' इथे 'लेफ्ट' आहे आणि करायची आहे बेरीज. उलट, 'हाऊ मेनी मोअर' विचारलं की बहुतेक वेळा वजाबाकी लागते. शब्द बघून क्रिया ठरवायला शिकवलं की मूल गोष्ट वाचणंच सोडून देतं.

मग करायचं काय? आमच्या अभ्यासिकेत आम्ही असं करतो.

आधी गोष्ट सांगायची, प्रश्न नाही. मूल घरी जी भाषा बोलतं त्या भाषेत. मग चिंचोके मांडायचे. वर सनाचे नऊ, खाली अयानचे पाच, जोडीला जोडी लावून. ज्यांना जोडी मिळाली नाही त्यांच्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'किती जास्त?' उत्तर आलं की मगच इंग्रजी वाक्य, आणि ते मुलाच्या तोंडून : 'सना हॅज फोर मोअर दॅन अयान.' मग बाजू बदलायची : 'अयान हॅज फोर फ्यूअर दॅन सना.' चिंचोके तेच, वाक्यं दोन. 'फ्रॉम'साठी मुलालाच विचारायचं, 'कशातून काढायचे?' ते आधी मांड, मग काढ.

काही पालक मला म्हणतात, 'सर, घरची भाषा मध्ये आणू नका, इंग्रजी बिघडेल.' त्यांना मी 'वजाबाकी' हा शब्दच दाखवतो. 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आले. 'जमा' हाही अरबीच. आज खेड्यातली आजीसुद्धा ते आपले म्हणून वापरते, कारण ते हिशेबात, बाजारात, रोजच्या व्यवहारात रुजले. इंग्रजी शब्दही तसेच रुजतील, पण आधी अर्थ हाताला लागला पाहिजे.

तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. धाकटं भावंड, भाचा, शेजारची मुलगी असं कुणीतरी सेमी-इंग्रजीत असेलच. आठवड्यातला अर्धा तास त्यांना द्या. गणिताचं पुस्तक उघडा, एक शाब्दिक उदाहरण वाचा आणि उत्तर विचारण्याआधी एवढंच विचारा, 'यात काय घडलं, मला सांग.' ते सांगता आलं नाही, तर गणित कच्चं आहे असं म्हणू नका. आणि शाळेत किंवा घरात दुसरं कुणी तसं म्हणालं, तर त्यांना थांबवा.