हातोडा कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



टीव्ही आणि बाई म्हटलं की आपण मालिकांतल्या सासू-सुनांवर बोलतो. आज मी सुतारकाम आणि घरदुरुस्ती शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या कार्यक्रमांविषयी बोलणार आहे. त्यांचा आपल्याशी काय संबंध, असं वाटेल. तो आहे, शेवटी सांगते.

बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक केंद्रात रसेल मोराश हे निर्माते होते. १९६३मध्ये सुरू झालेला ज्युलिया चाइल्ड यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम, ‘द फ्रेंच शेफ’, त्यांनी केला. १९७९मध्ये त्यांनीच ‘धिस ओल्ड हाउस’ सुरू केला. एक जुनं घर घ्यायचं आणि ते दुरुस्त होईपर्यंतचं काम भागाभागानं दाखवायचं. निवेदक बॉब व्हिला, सुतार नॉर्म अब्राम. पुढे १९८९ ते २००९ अब्राम यांचा स्वतंत्र ‘न्यू यांकी वर्कशॉप’ चालला. निर्माता तोच, शिकवायची रीतही तीच. फक्त ओट्यापाशी बाई आणि सुताराच्या बाकापाशी पुरुष!

तरी या कार्यक्रमांनी एक मोठं काम केलं. सुताराचं कसब बापाकडून मुलाकडे जातं, बाईला ते लांबूनच दिसतं. इथे ते सगळ्यांसमोर उलगडलं. आधी माप, मग खूण, मग काप. सांधा कसा धरतो, सरस कुठे लावायचा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला, हे अब्राम आवर्जून सांगायचे. त्यांच्याकडे विजेवरची महागडी यंत्रं होती. पण नॉर्थ कॅरोलायनातले रॉय अंडरहिल यांनी १९७९पासून २०१७पर्यंत ‘द वुडराइट्स शॉप’मध्ये करवत, रंधा, पटाशी अशा हातानं चालवायच्या हत्यारांवरच सगळं करून दाखवलं.

या कार्यक्रमांची छाप किती खोल होती, ते त्यांच्या थट्टेतून कळतं. १९९१ ते १९९९ ‘होम इम्प्रूव्हमेंट’ ही विनोदी मालिका चालली. तिच्यात असाच एक खोटा दुरुस्ती-कार्यक्रम होता. नायकाच्या पुरुषी मिजाशीची ती टिंगल करायची, हे खरं. पण त्या कार्यक्रमातल्या तरुणीचं काम काय? हसत यायचं आणि हत्यार आणून द्यायचं. २०००मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेडिंग स्पेसेस’मध्ये एमी विन पास्टर ही बाई सुतार म्हणून दिसली. म्हणजे चित्र बदलू शकतं. पण किती सावकाश!

पडद्याबाहेर काय होतं? १९७८मध्ये अमेरिकन सरकारनं आपल्या बांधकाम कंत्राटदारांसाठी नियम काढला, की कामाच्या एकूण तासांपैकी ६.९ टक्के तास बायकांचे असावेत, हे उद्दिष्ट ठेवा. आजही तिथे शंभर सुतारांत पाच बायका नाहीत. हे सगळं टीव्हीमुळे झालं, असं मी म्हणत नाही. कामावरचा छळ आहे, पाळणाघरांचा अभाव आहे. पण जे काम करताना बाई कधी दिसतच नाही, ते तिनं मागायचं तरी कसं?

आता आपल्याकडे येते. मी ज्या निवारागृहात काम करते, तिथून बाहेर पडून बायका भाड्याची खोली घेतात. पहिली अडचण डिपॉझिटची, दुसरी दाराच्या कडीची. कडी निखळलेली असते. बसवायला कुणाला बोलवावं, तर ‘बाई एकटी राहते’ हे गल्लीभर होतं. म्हणून आम्ही शनिवारी मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ लावू लागलो. त्यांची रीत त्या जुन्या कार्यक्रमांचीच: एक माणूस, एक वस्तू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भाषा इंग्रजी, म्हणून आवाज बंद ठेवला. एक जण म्हणाली, “ताई, हा माणूस जराही घाई करत नाही. आम्हाला असं सावकाश कुणी काही दाखवलंच नाही.” दुसरीनं विचारलं, “पण यात बाई कुठंय?”

महिन्याभरात त्या फळीवर कड्या बसवू लागल्या. आधी गिरमिटानं बारीक भोक, मग लांब स्क्रू. म्हणजे लाकूड चिरत नाही आणि धक्का मारला तरी कडी सहज उखडत नाही. त्या रात्री आपण लावलेल्या कडीच्या आड झोपणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मात्र बाईच्या फुकट घरकामात आणखी एका कामाची भर पडावी, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे बांधकामावर बायका पिढ्यान्‌पिढ्या घमेली वाहतात आणि मिस्त्री बहुधा पुरुष असतो. मजुरीतली दरी तिथूनच पडते. कसब हाती आलं, तर त्याचा दामही हाती यायला हवा.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. प्रत्येक गटानं हत्यारांची एक पेटी घ्यावी: हातोडा, करवत, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, गिरमिट, मोजपट्टी. आणि आपल्यातली एखादी कडी बसवू लागली, की दुसरीनं मोबाइल धरून तिचे हात टिपावेत, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुढच्या बाईला ‘यात बाई कुठंय?’ असं विचारावं लागणार नाही.