नवगांवची दफनभूमि

अलीबागच्या उत्तरेस, समुद्रकांठालगत, नवगांव नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें बेने इस्रायल समाजाची एक जुनी दफनभूमि आहे. भव्य छत्र्या किंवा कोरीव घुमट पाहण्याच्या इच्छेनें तेथें कोणी गेल्यास त्याची निराशाच होईल. परंतु एका सबंध समाजाच्या स्मृतीचें मूळ याच जागेंत रुजलेलें आहे.

परंपरा अशी कीं, फार पूर्वीं पश्चिमेकडून आलेलें एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. समुद्रानें जीं प्रेतें किनाऱ्यास लावलीं, तीं नवगांवांत दोन उंचवट्यांखालीं पुरण्यांत आलीं. एक पुरुषांचा, दुसरा स्त्रियांचा. आतां त्या ठिकाणीं स्मारकस्तंभ उभा आहे. वांचलेल्यांचे वंशज कुलाब्याच्या गांवोगांवीं पसरले, घाण्यावर तेल गाळूं लागले आणि शनिवारीं काम बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. मराठी ही त्यांची मायबोली झाली. नवगांवकर, पेणकर, रोहेकर अशीं त्यांचीं आडनांवें झालीं.

ही हकीकत केव्हांची, याविषयीं मतभेद आहेत. गलबत फुटल्याचा समकालीन लेखी पुरावा उपलब्ध नाहीं. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला, आणि परंपरेच्या बऱ्याच गोष्टी त्यामुळें टिकल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत या समाजाच्या पूर्वजांत मध्यपूर्वेकडील यहुदी व भारतीय अशा दोन्ही शाखा आढळल्या. कथेचा तपशील सिद्ध झाला नसला, तरी तिचा गाभा निराधार नाहीं एवढें त्यावरून म्हणतां येतें.

यहुदी धर्माप्रमाणें प्रेत एकदां पुरलें कीं ती जागा कायमची त्या मृताची. कबर पुन्हां उकरून दुसऱ्यास द्यावयाची नाहीं. दफनभूमीस हिब्रूंत ‘बेथ हाईम’, म्हणजे जिवंतांचें घर, असेंही म्हणतात. भेटीस येणारा कबरीवर लहानसा दगड ठेवतो व निघतांना हात धुतो. या नियमामुळें देखरेखीचें कर्तव्यही पिढ्यान्‌पिढ्यांचें होतें.

आणि कोंकणचा पाऊस हें कर्तव्य सोपें ठेवीत नाहीं. चार महिन्यांत गवत कमरेइतकें वाढतें, अक्षरांत शेवाळ भरतें, फटींत रुजलेलें पिंपळाचें रोप पुढें दगड उलथून टाकतें. म्हणून पाऊस सरतांच गवत कापावें, रोप कोंवळें असतांनाच उपटावें, गुरें शिरूं नयेत म्हणून कुंपण नीट ठेवावें. शेवाळ काढण्यास साधें पाणी व मऊ कुंचला पुरे. तारेच्या ब्रशानें अथवा आम्लानें दगडासह अक्षरेंही जातात. या समाजाच्या कबरींवर हिब्रू व मराठी लेख शेजारीं शेजारीं आढळतात. तीं अक्षरें झिजण्यापूर्वीं त्यांची नक्कल व छायाचित्र घेऊन ठेवणें अगत्याचें आहे.

प्रश्न उरतो तो माणसांचा. १९४८ नंतर हा समाज हळूहळू इस्रायलला गेला. १९६४ सालीं तेथें त्यांच्या यहुदीपणास पूर्ण मान्यता मिळाली, आणि आज त्यांतील बहुसंख्य लोक तेथेंच राहतात. कोंकणच्या कित्येक गांवांत आज त्यांचें एकही घर नाहीं. कबरी मात्र आहेत. किनाऱ्यावरील जमिनीचे भाव वाढत असतां, जिच्या हद्दीची नोंद स्पष्ट नाहीं आणि जिचा वाली परदेशीं आहे, अशी पडीक जागा नाहींशी होण्यास फार काळ लागत नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावरील बिनचूक नोंद, वर्षांतून एकदां होणारी साफसफाई आणि गांवकऱ्यांची आपुलकी, या तीन गोष्टी असल्या तर मोठ्या निधीवांचूनही अशी भूमि राखतां येते. तीस पाणी घालणारे हात कोणत्या धर्माचे आहेत, हें शेजारधर्मांत गौण आहे. ज्यांनीं शेंकडों वर्षें एकाच भाषेंत सुखदुःखें सांगितलीं, त्यांच्या मृतांची निगा परक्याचें काम ठरत नाहीं.