उत्सवातील पाणी आणि पत्रावळ



देवकार्यात उदकाचे स्थान अन्नाइतकेच मोठे. गोमंतकातील अनेक देवालयांना लागून तळी आहे, आवारात विहीर आहे. समाराधनेला विहिरीचे पाणी घागरीतून येई आणि फणसाच्या पानांची पत्रावळ किंवा केळीचे पान मांडले जाई. पंगत उठल्यावर भांडी घासली जात, पाने मातीला मिळत. मागे काही उरत नसे.

आज त्या जागी प्लॅस्टिकची बाटली आली आहे. शुद्ध पाणी मिळावे हा हेतू योग्यच. परंतु त्याचे मोल केवळ पैशांत मोजून भागत नाही. पीटर ग्लाइक व हेदर कूली यांनी २००९ साली अमेरिकेतील बाटलीबंद पाण्याचा हिशेब मांडला. वाहतुकीच्या अंतरानुसार एका लिटरमागे ५.६ ते १०.२ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते, म्हणजे नळाच्या पाण्याच्या २,००० पटींपर्यंत, असे त्यांना आढळले. पाणी घोटभर पिऊन टाकून दिलेली बाटली कुजत नाही. उन्हापावसात तिचे बारीक तुकडे होत राहतात.

यावर उपाय म्हणून ‘वनस्पतिजन्य’ वेष्टनाचे नाव पुढे येते. येथे मात्र विवेक हवा. या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू मोडतात. कोका-कोला कंपनीने २००९ साली आणलेल्या बाटलीत वनस्पतिजन्य अंश ३० टक्क्यांपर्यंत होता. पण तयार झालेले प्लॅस्टिक नेहमीचेच. ऊस किंवा खनिज तेल, उगम कोणताही असो, ते कुजत नाही. दुसरा प्रकार मक्याच्या वा उसाच्या शर्करेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचा. तो कुजतो खरा. परंतु त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णता राखणारा खतप्रकल्प लागतो. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि नेहमीच्या बाटल्यांत मिसळला तर त्यांचा पुनर्वापरही बिघडवितो. कागदी पेल्यालाही आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

सारांश, वस्तू कशापासून झाली एवढेच पाहून चालणार नाही. वापरानंतर तिचे काय होणार, हेही विचारले पाहिजे. पत्रावळ या कसोटीस उतरते. मात्र तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून कचऱ्यात गेली, तर तिचे पुण्य वाया जाते.

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटे, पेले व चमचे यांवर देशभर बंदी आहे. पाण्याची बाटली त्या यादीत नाही. म्हणून जे कायदा करीत नाही, ते देवस्थानाने स्वेच्छेने करावयाचे आहे. गाळून, तपासून घेतलेले पाणी मोठ्या पिंपांत ठेवावे. धुऊन पुन्हा वापरता येणारे स्टीलचे पेले घ्यावेत. पत्रावळींसाठी आवारातच खताचा खड्डा असावा. पेले घासण्यास माणसे लागतील. परंतु पंगतीची सेवा हीही देवाचीच सेवा, हे महाजनांना सांगावे लागत नाही.

उत्सव संपल्यावर तळीचे पाणी निर्मळ राहावे, अशी बुद्धी श्रीदेव सर्वांना देवो, हीच प्रार्थना.