हंसा वाडकर : पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्या



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतांची, सुधारकांची, शास्त्रज्ञांची चरित्रे सांगावयाची, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या मालिकेत एका सिनेनटीचे नाव यावे हे काहींना रुचणार नाही. नटी ही पाहावयाची असते, तिच्यावर व्याख्यान कसले द्यावयाचे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरवाजवी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या बाईंनी महाराष्ट्राला पडद्यावरची सखू दिली, रामजोशीची बया दिली, आणि अखेरीस स्वतःचे आयुष्य कोणताही आडपडदा न ठेवता सांगून टाकले, त्या हंसा वाडकर यांचे चरित्र केवळ करमणुकीचा विषय नव्हे. मिळवत्या स्त्रीशी आपण समाज म्हणून कसे वागलो, याचा तो एक लेखी पुरावा आहे. म्हणून आज आम्ही तो आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही; साळुंके नावाच्या पुरुषाला ती भूमिका करावी लागली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे धैर्य दाखविले. पुढे 1932 साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. त्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. त्यांच्यामुळे या धंद्याला प्रतिष्ठा आली, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु प्रतिष्ठा दुर्गाबाईंना घरून मिळाली होती आणि ती त्यांनी धंद्याला दिली. ज्यांच्यापाशी घरची प्रतिष्ठा नव्हती, त्यांना धंद्याने काय दिले? या प्रश्नाचे उत्तर हंसाबाईंच्या चरित्रात सापडते.

हंसाबाईंचा जन्म 24 जानेवारी 1923 रोजी मुंबईत झाला. मूळचे नाव रतन, आडनाव साळगावकर. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडचे, आणि घराण्यात कलावंतिणींची परंपरा. गाणे होते, नाच होता, परंतु चार पैसे गाठीला नव्हते. 1936 साली 'विजयाची लग्ने' हा चित्रपट आला आणि त्यात ही मुलगी पडद्यावर दिसली. वय जेमतेम तेरा. ज्या वयात मुलीच्या हातात पाटी-पुस्तक असावयाचे, त्या वयात तिच्या तोंडाला रंग लागला. रतनची हंसा झाली आणि साळगावकरची वाडकर झाली. मुलगी मिळवती झाली म्हणून घर उभे राहिले. आणि घर तिच्यावर उभे राहिले म्हणूनच तिला पुढे कधी खाली बसता आले नाही.

ही गोष्ट आपल्याकडेच घडली असे मात्र नव्हे. हंसाबाईंच्या आदल्याच वर्षी, 1922 साली, अमेरिकेत जूडी गार्लंड जन्मली. ती अजाण वयात रंगभूमीवर उभी राहिली, 1935 साली एका बलाढ्य चित्रसंस्थेशी तिचा करार झाला, आणि 1939 सालच्या 'विझर्ड ऑफ ऑझ'ने ती जगभर गाजली. 1969 साली लंडनमध्ये ती वारली तेव्हा वय 47. हंसाबाई 1971 साली गेल्या, वय 48. एक कोकणी घराण्यातली, दुसरी अमेरिकेतली. भाषा वेगळी, देव वेगळा, पैशाचे मान तर फारच वेगळे. तरी दोघींच्या आयुष्याचा उतार सारखाच दिसतो, कारण चढ सारखाच होता. दोघींच्याही बालपणावर दुसऱ्यांचा चरितार्थ चालला.

तिकडे या प्रश्नाची दखल कायद्याने लवकर घेतली. जॅकी कूगन नावाच्या बालनटाने मिळविलेला पैसा त्याच्या आईने व सावत्र बापाने उडविला. तो प्रौढ झाल्यावर न्यायालयात गेला, आणि 1939 साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या मिळकतीचा काही भाग त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे ही व्यवस्था यावयाला 2017 साल उजाडले. त्या वर्षीच्या नियमांनुसार बालकलावंताला दिवसाकाठी पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीपैकी निदान 20 टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते. 1936 साली हंसाबाईंसाठी असे काहीही नव्हते. मुलीची मिळकत ती वडीलधाऱ्यांची, आणि लग्नानंतर ती नवऱ्याची, हाच त्या काळचा अलिखित नियम होता.

लग्नही लहान वयातच झाले. आता चेहऱ्याचा रंग पुसावा, घर-संसार करावा, चारचौघींसारखे राहावे, ही त्यांची इच्छा होती. पण संसाराला पैसा लागतो आणि पैसा तर त्याच मिळवीत होत्या. ज्या कामाबद्दल नवऱ्याच्या मनात संशय, त्याच कामाच्या पगारावर घराची चूल, असा तो विलक्षण संसार होता. ही परिस्थिती एकट्या हंसाबाईंची होती असे आम्ही मानीत नाही. आजही अनेक घरांत बायकोचा पगार हवा असतो, परंतु त्या पगारासाठी तिने घराबाहेर काढलेले तास मात्र नको असतात.

आता त्यांच्या कामाकडे वळू. बॉम्बे टॉकीजच्या 1939 सालच्या 'नवजीवन'मध्ये त्या नायिका होत्या. परंतु मराठी प्रेक्षकाने त्यांना आपले म्हटले ते 'प्रभात'च्या 'संत सखू'मुळे. दामले-फत्तेलाल आणि राजा नेने यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1941 साली आला. सासुरवासाने गांजलेली कऱ्हाडची सखू पंढरीला जावयास निघते आणि तिच्या घरी देव तिचे रूप घेऊन राबतो, ही कथा आपल्या आयाबहिणींना पाठ होती. अशी भूमिका करणे मोठे कठीण असते. कथेत नवल उरलेले नसते. उरतो तो केवळ चेहरा आणि स्वर. हंसाबाईंनी त्यात आपला जीव ओतला. तेव्हा त्यांचे वय अठरा होते, आणि घरासाठी राबणे म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

1947 साली 'लोकशाहीर रामजोशी' आला. राजकमल ही संस्था शांतारामबापूंची; दिग्दर्शनात त्यांच्यासह बाबूराव पेंटर; लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. रामजोशीच्या भूमिकेत जयराम शिलेदार होते आणि बया झाल्या हंसा वाडकर. हा चित्रपट आपल्या नगर जिल्ह्याच्या विशेष जिव्हाळ्याचा असावयास हवा. सोलापूरच्या रामजोशीचा समकालीन अनंत फंदी हा आपल्या संगमनेरचा. पुढच्या शतकात पठ्ठे बापूरावांच्या फडाला जिने झळाळी आणली, ती पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथली. सिनेमात जायचे म्हणाल, तर 'माणूस' आणि 'संत ज्ञानेश्वर' यांतून गाजलेले शाहू मोडक यांचा जन्म याच नगरचा. तमाशा आणि सिनेमा हे दोन्ही आपल्याला परके नाहीत. लावणी आपण मान डोलवून ऐकतो. पण लावणी म्हणणारीला घराच्या कोणत्या दारापर्यंत येऊ द्यावयाचे, हे आपण आधीच ठरविलेले असते. बयेच्या भूमिकेत हंसाबाईंनी त्या बाईला अंगभूत डौल दिला. तमासगिरिणीलाही मन असते आणि मानही असतो, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवून दिले. पुढे मराठीत तमाशापटांची जी रीघ लागली, तिचा ओघ या चित्रपटापासूनच सुरू होतो.

1950 साली 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी काम केले. आणि 1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. संगीत वसंत पवार यांचे. जयश्री गडकर यांचे नाव याच चित्रपटाने घरोघरी नेले, आणि हंसाबाई त्यात वडीलधाऱ्या तमासगिरिणीच्या भूमिकेत होत्या. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो 131 आठवडे चालला. अडीच वर्षे! गावात झालेला अन्याय फडावर उभी राहून गावाच्याच तोंडावर सांगणारी स्त्री लोकांनी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली. पडद्यावर एखादी स्त्री सत्य सांगू लागली, तर आपण तिकीट काढून ऐकतो. घरात सांगू लागली तर?

हंसाबाईंनी तेही करून पाहिले. त्यांनी सांगितलेली आत्मकथा प्रथम 'माणूस'मधून प्रसिद्ध झाली आणि 1970 साली राजहंस प्रकाशनाने तिचे पुस्तक काढले. शब्दांकन अरुण साधू यांचे. नाव तेच ठेवले, 'सांगत्ये ऐका'. या पुस्तकात बाईंनी आपले मद्यपान लपविलेले नाही, आपले संबंध लपविलेले नाहीत, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारलेली नाही. घर सोडून गेल्यावर मराठवाड्यातल्या एका घरात तिसरी बायको म्हणून आपण कशा अडकून पडलो, तिथून सुटावयाला पोलीस कसे आणावे लागले, आणि ज्या अधिकाऱ्याकडे न्यायाची अपेक्षा करावयाची त्यानेच आपल्यावर कसा अत्याचार केला, हेही त्यांनी सांगितले आहे. वाचताना मान खाली जाते. ती त्यांची नव्हे, आपली.

यावर एक आक्षेप येतो. असले आयुष्य आमच्या मुलींनी का वाचावे? त्यात आदर्श कोणता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. हंसाबाई आदर्श म्हणून आपल्यापुढे येत नाहीत. त्या साक्षीदार म्हणून येतात. साक्षीदाराकडे आपण सद्गुणांचा दाखला मागत नाही, खरेपणा मागतो. आणि खरेपणाच्या कसोटीला मराठीतली फार थोडी आत्मचरित्रे इतकी उतरतील. आपल्या थोर पुरुषांनी आत्मचरित्रे लिहिली तेव्हा पुष्कळांनी घरातला दिवा तेवढा दाखविला, खालचा अंधार झाकून ठेवला. या बाईंपाशी झाकण्याजोगे पुष्कळ होते आणि त्यांनी झाकले काहीच नाही.

पुस्तकानंतर वर्षभरातच, ऑगस्ट 1971 मध्ये, त्या गेल्या. 1977 साली श्याम बेनेगल यांनी त्या आत्मकथेवरून 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील यांना त्यासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी बाईंची कहाणी मराठी मुलीनेच पडद्यावर आणली आणि देशाने तिचा गौरव केला, याचा आम्हांला आनंद वाटतो. परंतु जिची कहाणी होती तिला हा गौरव पाहावयाला मिळाला नाही, हेही आपण विसरू नये.

मंडळी, आपले नागापूर सीनेकाठचे गाव होते, ते आता औद्योगिक वसाहतीचे नागापूर झाले आहे. इथल्या घराघरांतून स्त्रिया डबा घेऊन कामावर निघतात. त्यांच्यात कोणी नटी नसेल, पण मिळवत्या आहेत. हंसाबाईंच्या चरित्रातून आपण घ्यावयाचे ते एवढेच. मुलीच्या शिक्षणाचे वय तिच्या मिळकतीसाठी विकू नये. मिळवतीचा पैसा प्रथम तिचा आहे, हे मान्य करावे; बँकेत तिच्या नावाचे पुस्तक असावे आणि ते तिच्याच पेटीत असावे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती ही की घरातली बाई काही सांगू लागली तर मध्येच तिला थांबवू नये. तिचे सांगून होईपर्यंत ऐकावे. 131 आठवडे ज्यांनी दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकली, त्या महाराष्ट्राला स्वतःच्या घरची गोष्ट घटकाभर ऐकणे जड जाऊ नये.